पक्षकाराला सांगायची तारीख

“तारीख तीच आहे,” पोतदार मॅडम फोनवर म्हणाल्या. “परवा. परवा संध्याकाळपर्यंत कागद टेबलावर पाहिजेत, त्रिशला. नंतर आमच्यावर बोल लावू नका.”

मी तेव्हा खालच्या पेठेत गुडघाभर चिखलात उभी होते. एका हातात चपला, दुसऱ्या हातात फोन. समोर आमचं दुकान होतं, ‘मगदूम मोटर रिवाइंडिंग’. पाटी जागेवर होती, पण पुराचं पाणी पाटीच्याही वर चढून गेलं होतं आणि तिथं भिंतीवर पिवळट रेघ उठली होती. नगरपालिकेच्या माणसानं दाराशेजारी नुकतीच लाल रंगाची फुली मारली होती. ओला रंग खाली ओघळत होता.

“मॅडम, दुकान धोकादायक म्हणून फुली मारलीय. आत जाऊ देत नाहीत. चार दिवसांत भिंतीला टेकू लावून देतो म्हणतात, मग सामान काढता येईल. बिलं सगळी ट्रंकेत आहेत, माळ्यावर.”

“चार दिवस आपल्याकडे नाहीत गं.”

“पण पूर आलाय ना! सरकारनं पूरग्रस्त जिल्ह्यांची मुदत वाढवली असं ग्रुपवर कुणीतरी टाकलंय.”

पलीकडे कुजबुज झाली आणि फोन रुकडीकर साहेबांकडे गेला. रुकडीकर आमचे कर सल्लागार. आमचेच कशाला, आमच्या गावात ज्याच्याकडे म्हणून जीएसटी नंबर होता तो प्रत्येक जण महिन्यातून एकदा त्यांचा जिना चढायचा. त्यांचं ऑफिस वरच्या पेठेत, पोतदार मॅडम तिथल्या कारकून. तिथं पाणी पोचलं नव्हतं.

“ग्रुपवर काय वाट्टेल ते येतं,” साहेब म्हणाले. आवाज नेहमीचाच, मऊ, समजूत घालणारा. “तू ग्रुप बघून रिटर्न भरणार आहेस का? मी सांगतो ती तारीख धर.”

“म्हणजे मुदतवाढ नाही?”

“अफवांवर जाऊ नकोस.”

“साहेब, आहे की नाही तेवढं सांगा.”

“परवा कागद आण. उगाच वेळ घालवू नकोस.”

फोन बंद झाला. मी सरळ प्रश्न विचारला होता, दोनदा विचारला होता, हे इथं मुद्दाम नोंदवून ठेवते. पुढं यावरूनच बोलणं होणार आहे.

आण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारच्या ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना फोनवरचं शब्दन् शब्द कळलं होतं, कारण रुकडीकरांचा आवाज मऊ असला तरी माझ्या स्वस्तातल्या फोनचा नव्हता.

“परवा म्हणाले न्हवं?” आण्णा म्हणाले.

“हो.”

“मग परवा.”

विहिरीवरच्या, नदीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्यांची जुनी तार काढून नवी गुंडाळायची, हा आण्णांचा धंदा. तरुणपणी ते तालुक्यात नावाजलेले होते. तार दोन बोटांत धरली की ती किती जाडीची आहे ते सांगायचे, आणि कॉइल अशी बसवायचे की मोटर चालू केल्यावर हात ठेवला तर थरथर लागायची नाही. पण नंतर बायपासला मशिनवर वाइंडिंग करणारी दुकानं झाली, झटपट काम देऊ लागली, आणि आण्णांच्या ओट्यावर माणसं फक्त गप्पा मारायला येऊ लागली. काम नाही म्हणून आण्णांनी रिटर्न भरायचीही टाळाटाळ केली. शून्याचं रिटर्नसुद्धा भरावं लागतं हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. “काम न्हाई, मग सरकारला काय सांगायचं, मी नुसता बसून हाय म्हणून?” असं ते म्हणायचे. एखाददुसऱ्या कामाची आणि तारेच्या खरेदीची बिलं ते नुसती ट्रंकेत टाकून ठेवायचे. शेवटी नोटीस आली. राहिलेली सगळी रिटर्न अमुक तारखेपर्यंत भरा, नाहीतर नंबर रद्द.

आणि मग पूर आला. नदीकाठच्या पाणी संस्थेच्या सगळ्या मोटारी बुडाल्या. बायपासवाल्यांची मशिनंही बुडाली. संस्थेचे इंजिनिअर चौगुले स्वतः आमच्याकडं आले. आम्ही तेव्हा शाळेतल्या छावणीत होतो. “भूपालआण्णा, मशिनं जाऊ देत, तुमचा हात तर हाय,” ते म्हणाले. “सगळ्या मोटारी तुमीच गुंडाळा. फक्त तुमचा नंबर चालू पायजे, न्हाईतर ऑडिटवाला माझा जीव खाईल.” आण्णा त्या रात्री छावणीतल्या सतरंजीवर पडून गालातल्या गालात हसत होते. घरात चिखल, अंगावर दुसऱ्याचा सदरा, आणि माणूस हसतोय. आई म्हणाली, “यांना ताप तर न्हाई न्हवं आला?”

म्हणून त्या नंबरावर सगळं होतं. नंबर गेला असता तर बायपासवाल्यांची मशिनं दुरुस्त झाली की काम तिकडं गेलं असतं आणि मग आण्णांच्या आयुष्यात तसं काम पुन्हा आलं नसतं.

“आण्णा, आत जायचं नाही हां,” संध्याकाळी छावणीत मी त्यांना बजावलं. “भिंत बघितली का? पोट आलंय तिला.”

“मी ते दुकान घेतलं तवाधरनं हाय ते पोट.”

“मग आता बाळंत व्हायची वेळ आलीय. जायचं नाही.”

आण्णा हसले. पण लगेच गंभीर झाले. “मग बिलं कुठनं आणायची? सांग.”

“इचलकरंजीच्या तारवाल्याकडनं नकला मागवू.”

“रस्ता बंद हाय. त्येचा फोन लागत न्हाई. लागला तरी नकला काढून पाठवायला आठ दिस घेईल. आपल्याकडं परवाचा दिस हाय.”

“नगरपालिकेचे लोक टेकू लावणार आहेत.”

“चार दिसांनी! त्रिशला, मला पन कळतंय की. चार दिस असते तर मी कशाला मरायला गेलो असतो? साहेबांनी सांगितलंय परवा.”

“साहेबांनी ग्रुप नीट बघितला नसेल.”

“साहेबांनी?” आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी मंदिरात चप्पल घालून शिरले होते. “आगं, त्या मानसाला झोपेत इचारलं तरी तारखा सांगंल. आनि आपल्याशी खोटं बोलून त्येला काय मिळणार?”

खरंच काय मिळणार होतं?

सकाळी मी टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभी होते तेव्हा आण्णा छावणीत नाहीत हे मला माहीत नव्हतं. युनूसभाई धावत आला. आमच्या शेजारच्या गाळ्यात त्याचं शेगड्या दुरुस्तीचं दुकान. कमरेपर्यंत चिखलानं भरलेला, आणि बोलायला दम पुरत नव्हता.

“चल. तुझा आण्णा.”

मी कळशी तिथंच टाकली. पळता पळता तो सांगत होता. आण्णांनी त्याला खिडकीबाहेर उभं केलं होतं. तो नको नको म्हणत होता. आण्णा म्हणाले, तू नुसती ट्रंक धर. ते आत गेले, माळ्यावर चढले, ट्रंक खाली घेतली, खिडकीतून बाहेर सरकवली. युनूसभाईनं ती धरली. आण्णांचा हात अजून खिडकीच्या चौकटीवर होता. तेवढ्यात चौकटीवरची दगडी पट्टी खाली आली.

भिंत पूर्ण पडली नाही. पडली असती तर ही गोष्ट वेगळीच झाली असती. ट्रॅक्टरचा जॅक आणून माणसांनी ती पट्टी उचलली. मी पोचले तेव्हा आण्णांना ओट्यावर बसवलं होतं. युनूसभाईचा टॉवेल हाताला गुंडाळला होता आणि तो टॉवेल कुठल्या रंगाचा होता हे ओळखू येत नव्हतं. आण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला बघून ते पहिलं वाक्य बोलले ते असं:

“कागदं भिजली न्हाईत. ट्रंकेत पानीच गेलं नव्हतं बघ.”

मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बापाच्या थोबाडीत. ते रडू होतं की राग, अजून सांगता येत नाही, पण रागच जास्त होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी दुपारी आत बोलावून सांगितलं. उजव्या हाताची बोटं वाचवता आली नाहीत. अंगठा तेवढा राहिला. आईनं भिंतीला धरून हळूच बसकण मारली. मी विचारलं, “किती बोटं?” हा काय विचारायचा प्रश्न आहे! डॉक्टर म्हणाले, “सगळी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांना जाग आली. हाताकडं त्यांनी बघितलं, बघून झाल्यावर छताकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

“तू हितं काय करतीयास? आज तारीख हाय.”

“आण्णा, मरू दे तारीख!”

“मरू दे कसं? मग हे कशापायी केलं?” त्यांनी हात थोडा उचलला. “जा. बिलं दिऊन ये.”

मी गेले. पिशवी घट्ट धरून, आण्णांवर, नदीवर, नगरपालिकेवर, सगळ्या जगावर चिडत, वरच्या पेठेचा चढ चढून गेले. रुकडीकरांवर मात्र तोवर माझा राग नव्हता. ते बिचारे तारीख सांगून मोकळे झाले होते.

पोतदार मॅडम बाहेरच्या खोलीत एकट्याच होत्या. माझ्या बाहीवर कालचे डाग तसेच होते. मॅडमनी विचारलं, मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, कारण तिसरं वाक्य बोलता आलं नसतं. मॅडम खुर्चीत मागं टेकल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“अरे देवा. एवढी घाई कशाला केली आण्णांनी? तारीख तर...”

आणि त्या थांबल्या.

“तारीख तर काय?”

“काही नाही गं. पाणी पितेस?”

“मॅडम, तारीख तर काय?”

त्यांनी साहेबांच्या केबिनच्या दाराकडं बघितलं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. छावणीत माझ्या आईला त्यांनी आपल्या दोन साड्या पाठवल्या होत्या. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “आपल्या जिल्ह्याला पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत वाढ मिळालीय. आदेश येऊन आठवडा झाला.”

“नोटिशींनाही?”

“सगळ्याला. रिटर्न, नोटिशी, सगळं.”

मला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं. मी केबिनचं दार ढकललं. वाजवलं नाही.

रुकडीकर साहेब चहा पीत होते. त्यांच्यामागं भिंतीवर मोठा पांढरा फळा. कर सल्लागारांच्या बैठकांत या फळ्याचं कौतुक होतं हे आम्ही ऐकून होतो, बाहेरच्या खोलीतून मात्र तो कधी दिसायचा नाही. वर जिल्ह्यांची आणि तालुक्यांची नावं. खाली रांगेनं तारखा. आमच्या जिल्ह्यापुढं जुनी तारीख होती, तिच्यापुढं लाल शाईनं नवी होती, आणि तिच्याही पुढं एक तिसरा रकाना होता: ‘पक्षकार’. त्यात पुन्हा जुनीच तारीख लिहिली होती.

“ये त्रिशला. आणलेस कागद? छान.” मग त्यांनी माझी बाही बघितली. “काय झालं?”

“आण्णांची बोटं गेली. उजव्या हाताची. ट्रंक काढताना.”

त्यांनी कप बशीत ठेवला. “अरेरे! कसं काय? आत जाऊ देत नव्हते ना?”

“तारीख होती ना परवाची. म्हणून गेले.” मी फळ्याकडं बोट केलं. “ही काय आहे? ही लाल?”

ते वळून बघत बसले नाहीत. फळ्यावर काय आहे हे त्यांना पाठ होतं.

“बस जरा.”

“मी बसत नाही. मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं, मुदतवाढ आहे की नाही. दोनदा विचारलं होतं.”

“ऐकून घे. तुला या कामाची कल्पना नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी रोज सकाळी उठलो की आधी सरकारी साइट बघतो. आदेश आला की छापून घेतो. कुठला जिल्हा, कुठला तालुका, कुठल्या रिटर्नला लागू, कुठल्या नाही, ओळ न् ओळ वाचतो. मग एकेका पक्षकाराचा पत्ता काढून बघतो की हा त्यात बसतो का. काही लोक पेपरातली बातमी वाचून मोकळे होतात आणि त्यांच्या पक्षकारांना दंड बसतो. माझ्या एकाही पक्षकाराला आजवर बसलेला नाही.”

“मग आम्हाला का नाही सांगितलं?”

“पक्षकाराला खरी तारीख सांगायची नसते.” हे ते अगदी सहज म्हणाले. “कुणीच सांगत नाही. ही धंद्याची रीत आहे. आम्ही मुदतवाढ सांगितली की माणसं कागद उशाला घेऊन झोपतात. मग शेवटच्या दिवशी सगळे एकदम. जिन्यावर उभं राहायला जागा नसते. साइट बंद पडते. दंड बसतो आणि शिव्या मला. म्हणून आमची तारीख वेगळी आणि तुमची वेगळी. तुमच्याच भल्यासाठी.”

“माझ्या बापाच्या भल्यासाठी?”

“मगदूमांनी मागचे सगळे महिने कागद दिले नाहीत. वेळ आहे असं वाटलं म्हणूनच ना?”

“काम नव्हतं म्हणून दिले नाहीत! लाज वाटत होती त्यांना तुमचा जिना चढायला!”

“हळू बोल.”

“का हळू बोलू? आम्ही छावणीत झोपत होतो. फुली मारली होती दुकानावर, मी मॅडमना सांगितलं होतं, चार दिवसांत टेकू लागेल. तुम्ही फोन हातात घेतलात आणि मला म्हणालात, अफवांवर जाऊ नकोस. अफवा! तुमच्या डोक्यामागं लाल शाईत लिहिलीय ती अफवा!”

“मी त्यांना फुली मारलेल्या दुकानात जा असं म्हटलं नव्हतं.”

“परवा म्हटलंत की!”

“तू त्यांना अडवायला हवं होतंस.”

“कुठल्या तोंडानं? त्यांनी मला विचारलं, साहेब खोटं बोलून त्यांना काय मिळणार? सांगा ना. काय मिळालं?”

साहेबांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. मग म्हणाले, “बिलं ठेवून जा. आजच भरून टाकतो. फी घेणार नाही.”

फी! त्यानंतर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. जिन्यावर दोन व्यापारी उभे होते, त्यांनी ते ऐकलं आणि पुढं पेठभर सांगितलं. पिशवी परत घेऊन जावी असं मनात आलं होतं, पण बाहेर मॅडमनी तोवर बिलं एकेक करून टेबलावर मांडायला घेतली होती. त्यांचे डोळे ओले होते. मी पिशवी तिथंच सोडली आणि उतरले.

आण्णांना मी यातलं काही सांगितलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांना सध्या त्रास होईल असं बोलू नका, साखर वाढलीय, जखम चिघळेल. मी गप्प राहिले. मला गप्प राहायची सवय नाही, त्यामुळं ते दिवस फार वाईट गेले. आण्णा विचारायचे, “गाठली न्हवं तारीख?” मी म्हणायचे, “हो.” ते समाधानानं डोळे मिटायचे आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन येरझाऱ्या घालायचे.

त्याच दिवसांत आण्णांनी दुसरं एक काढलं. “तुला तार गुंडाळायला येईल,” ते म्हणाले. “ल्हानपनी माझ्याजवळ बसून गुंडाळायचीस की. मी शेजारी बसून सांगतो. कॉइल बसवायला येळ लागंल, पन जमंल.” युनूसभाईनं एक जळकी मोटर आणून दिली. मी ती खाटेशेजारी फरशीवर घेऊन बसायचे. आण्णा उशीवर डोकं ठेवून बघत असायचे. माझी कॉइल वाकडी बसली की त्यांचा उजवा खांदा आपोआप पुढं यायचा, मग त्यांच्या लक्षात यायचं आणि ते खांदा मागं घ्यायचे. मला ते बघवायचं नाही. रात्री बोटांना तार कापलेली असायची, पण तक्रार कुणापुढं करणार होते?

आठवड्याभरानं रुकडीकर साहेब दवाखान्यात आले. हातात मोसंब्यांची पिशवी. आई घरी चिखल काढायला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. दुसरी खाट रिकामी होती.

आण्णा धडपडत उठून बसायला लागले. “साहेब! तुमी कशाला तरास घेतला?”

“पडून राहा, पडून राहा मगदूम.”

“तुमच्यामुळं येळेत झालं बघा. तुमी तारीख सांगितली नसती तर नंबर गेला असता.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीवर मोटर घेऊन बसले होते, तशीच बसून राहिले. मनात म्हटलं, आता सांगा. आता तरी सांगा. माणसाला एवढी चांगली संधी पुन्हा मिळत नाही.

“झालं ना सगळं,” साहेब म्हणाले. “आता काळजी करू नका.”

त्यांनी ते आभार घेतले! खिशात घातले आणि खुर्चीवर बसले. माझ्या हातातला तिंबा, तार ठोकायचा लाकडी ठोकळा, मी खाली ठेवला. जास्त वेळ हातात राहिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

साहेबांनी पिशवीतून मोटारींच्या कामाचा कागद काढला. पाणी संस्थेचं करकामही तेच बघायचे. “चौगुले येणार होते, मीच म्हटलं मी घेऊन जातो. काम तुमच्याच नावावर ठेवलंय. मी शब्द टाकला. फक्त सगळ्या मोटारी दसऱ्याच्या आत द्यायच्या.”

“दसरा?” आण्णांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्यापुढच्या वाकड्या कॉइलकडं बघितलं. मग म्हणाले, “दसऱ्यापातुर हुणार न्हाई, साहेब. ही नवी हाय. हिचा हात बसायलाच महिना जाईल. दिवाळी असती तर मी हू म्हटलं असतं.”

“आण्णा, मी करीन,” मी म्हटलं.

“करशील, आनि मोटर जळंल. माझ्या नावानं खराब काम जायाचं न्हाई.” ते साहेबांकडं वळले. “नको. बायपासवाल्याला द्या म्हनावं.”

“विचार करा.”

“केला.”

“बरं,” साहेबांनी पेन काढलं. “मग मी खाली नकार लिहितो. सही जमणार नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल.”

आण्णांची सही सुंदर होती. पाणी संस्थेच्या जुन्या पावत्यांवर ती बघून मास्तर लोक कौतुक करायचे. आण्णांनी डावा हात पुढं केला आणि अंगठा वर धरला, आणि तो अंगठा बघून माझं डोकं फिरलं. म्हणजे आता कामही गेलं, आणि तेही असंच, एका तारखेपायी. एकदम मनात आलं, दसऱ्याला मोटारी कुणाला हव्यात? शेतं अजून पाण्याखाली होती. नदी दुथडी होती. दसऱ्याला कोण पाणी उपसणार होतं?

मी फोन उचलला आणि चौगुल्यांना लावला. स्पीकर मुद्दाम चालू केला.

“चौगुलेकाका, त्रिशला बोलतेय. मोटारी कधीपर्यंत लागतील?”

“का गं? आण्णा कसे हाईत?”

“बरे आहेत. कधीपर्यंत?”

“सावकाश होऊ दे की. दिवाळी झाल्यावर लागतील. आता कशाला मोटारी, रानातलंच पानी अजून हटंना. मी साहेबांना सांगितलंय की दिवाळीनंतर म्हणून. काय, मिळाला न्हाई का निरोप?”

“मिळाला,” मी म्हटलं आणि फोन बंद केला.

साहेबांच्या हातात पेन तसंच होतं.

“साहेब,” आण्णा म्हणाले, “तुमी दसरा म्हणाला.”

“अहो मगदूम, त्यात काय एवढं.” साहेब हसले. सवयीचंच हसू होतं ते. “थोडी अलीकडची सांगितलेली बरी असते. खरी सांगितली की माणूस निवांत होतो, म्हणून आम्ही नेहमी...”

इथं त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं. ते थांबले.

आण्णा त्यांच्याकडं बघत होते. मी यातलं काही बोलले नव्हते आणि आता बोलायची गरजही नव्हती. आण्णांना एखादी गोष्ट समजायला वेळ लागायचा, पण ती अर्धवट समजून ते कधी सोडायचे नाहीत. त्यांनी वर धरलेला डावा अंगठा हळूच मुठीत घेतला. मग मांडीवरच्या पांढऱ्या बँडेजकडं बघितलं.

“आनि ती कागदांची?” त्यांनी विचारलं. “परवाची म्हणाला हुता ती? ती कुणाची हुती, साहेब? आमची का तुमची?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलून त्यांना सोडवीन असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी दाराकडं बघितलं, खुर्ची मागं सरकवली आणि मोसंब्यांची पिशवी खाटेवर ठेवत उठायला लागले.

मी उठले, खोलीचं दार लावलं, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.